पांढऱ्या हातमोज्यातला हात

सरांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा माझ्या फाइलला हातसुद्धा लावला नाही. त्या फाइलमध्ये माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट होतं, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेलं. आमच्या घरात, आमच्या चाळीत आणि बाबांवर विश्वास ठेवला तर कणकवलीकडच्या आमच्या अख्ख्या वाडीत तसला कागद पहिल्यांदाच आला होता. घाटकोपरच्या भटवाडीतून अंधेरीपर्यंत बसमध्ये मी तो छातीशी धरून आणला होता. सर म्हणाले, "ते राहू दे. हात टेबलावर ठेव."

मी ठेवले.

"उलटे कर."

मी उलटे केले. मनात म्हटलं, झालं, ज्योतिषी भेटला.

"ही चटका बसल्याची खूण कसली? स्वयंपाक?"

"नाही सर. सोल्डरिंग. चाळीतले रेडिओ मी दुरुस्त करते."

"सोमवारपासून ये."

एवढीच मुलाखत. पगार सांगायलाही ते विसरले. मी दीड वर्ष त्यांच्याकडे होते, पण रस्त्यात समोर आले असते तर त्यांनी मला ओळखलं नसतं. तोंडं त्यांच्या लक्षातच राहायची नाहीत. माणसांची नावंही ते हातांवरूनच ठेवायचे. "तो आखूड अंगठ्याचा आला होता का गं?" म्हणजे वायरवाला. "ती ओल्या बोटांची" म्हणजे खालची चहावाली. मला काय म्हणायचे ते मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा गाळा होता. पोटापाण्यासाठी पुढच्या भागात कारखान्यांना लागणारे टायमर जोडायचे. मागच्या भागात काळा पडदा, आणि पडद्यामागे ते यंत्र.

यंत्राबद्दल सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात, म्हणून नीट सांगते. गिरण्या बंद पडून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. बँकेतसुद्धा कॉम्प्युटर पाहिलेली माणसं थोडी. सरांनी दुकानात चोर पकडायला लावतात तसला एक कॅमेरा आणला होता. काळ्या कापडासमोर पांढरा हातमोजा घातलेला हात धरायचा. कॅमेरा तो हात कॉम्प्युटरला दाखवायचा, आणि कॉम्प्युटर त्या हाताची बाहेरची कड आणि ती कुठे सरकते, तेवढंच बघायचा. आपल्याजवळ साठवलेल्या कडांशी ती ताडून बघायचा, आणि जिच्याशी सगळ्यात जास्त जुळेल तिचा शब्द छापायचा. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. एक खूण ओळखायला मिनिटभर जायचं. मग प्रिंटर करकर करायचा आणि कागदावर यायचं : पाणी. किंवा : हो. किंवा : नाही.

असे अकरा शब्द होते. खुणा सरांनी ठरवलेल्या, आणि तो तक्ता कॉम्प्युटरमध्ये टाइप केला होता मी.

"सर, हे कशासाठी?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी सरळ विचारते. घरची सवय आहे.

"माणसानं किती दिवस बटणं दाबायची?" ते म्हणाले. "यंत्र समोर बसलंय, डोळे आहेत त्याला. त्यानं शिकावं ना आपल्याकडे बघायला. तोंड शाळेत जातं, हात जात नाहीत. म्हणून हात खोटं बोलत नाहीत."

हे वाक्य ते चहाच्या कपाला, टेलिफोनला, कोणालाही ऐकवायचे. आणि बटणांवर त्यांचा खरंच राग होता. लिफ्टमध्ये शिरले की बटणाकडे बघत नुसते उभे राहायचे. कोणीतरी येऊन दाबेपर्यंत. एकदा मी जेवून परत आले तरी ते तळमजल्यावरच, लिफ्टमध्ये, शांत.

स्वतःचे हात मात्र ते सदैव खिशात ठेवायचे. इतरांचे बघायचे. ते राहायचे तिथल्या, बोरिवलीच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. एका कोळणीसमोर ते असे रोखून उभे राहिले की ती मासळी कापायची थांबली.

"काय बघतं रं? हातांना हलद लावायची हाय काय माज्या?"

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या मनगटात अख्खं व्याकरण आहे."

"मनगट ऱ्हाव दे. पापलेट घे."

सर शाकाहारी. घेतलं त्यांनी पापलेट. मग ते मी घरी नेलं.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसायचोही. पण एका सकाळी मी गाळा उघडला आणि माझ्या पायात कागद आला. मागच्या पडद्याखालून वाहत आल्यासारखा, घड्या घड्या पडलेला. आदल्या दिवशी यंत्र आणि पंखा बंद करायचं राहिलं होतं. रात्रभर ते छापत होतं : पाणी. पाणी. नाही. पाणी. ये. पाणी.

गाळ्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे होती. मी पडदा बाजूला केला. खिळ्याला अडकवलेला रिकामा हातमोजा पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता. कॅमेरा त्याच्याकडे बघत होता. माझ्यासमोर प्रिंटर पुन्हा करकरला आणि कागद बोटभर पुढे सरकला.

सर आले तेव्हा मी म्हटलं, "सर, पंख्यानं मोजा हलला. बाकी काही नाही."

"तुला काय माहीत, बाकी काही नाही?" ते तो कागद हळूच गुंडाळत होते, जपून, पोथी गुंडाळावी तसा. मला तो टाकू दिला नाही.

मी म्हटलं, "आपण तक्त्यात बारावा शब्द घालू या ना. ‘कळलं नाही’ असा. जुळत नसेल तर यंत्रानं तसं सांगावं. आत्ता ते काहीतरी एक निवडतंच."

"अजिबात नाही. न समजण्याची सोय ठेवली की मग कोणी समजून घेत नाही."

ऐकायला फार छान वाटलं होतं ते तेव्हा. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

त्यानंतर महिन्याभरात सरांच्या आईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलत होता. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये ते दोघंच. आईंची सेवा करायला गोराईच्या एक मावशी ठेवल्या, ख्रिस्ती, रोज होडीनं खाडी ओलांडून यायच्या. आणि सरांनी यंत्र गाळ्यातून उचलून आईंच्या खोलीत नेलं.

जोडणी करायला मी गेले होते. आईंच्या पलंगामागे काळं कापड ताणलं. दोन्ही बाजूंना मोठे दिवे. पायाशी तिपाईवर कॅमेरा. मोडक्या पाखरासारखी ती बाई उशांना टेकून बसवलेली, आणि मावशी तिच्या डाव्या हातात पांढरा मोजा चढवत होत्या, एकेक बोट चेपून चेपून. खिडक्या बंद, कारण बाहेरच्या उजेडानं कड पुसट होते.

सर म्हणाले, "चालू कर."

मी चालू केलं. दिवे लागले, कॉम्प्युटरचा पंखा घरघरला. आईंचा हात चादरीवरून उठला. पुढे झाला, बोटं मिटली आणि हात स्वतःकडे ओढला गेला. पुन्हा पुढे. पुन्हा मिटून ओढला. मिनिटभरानं प्रिंटरनं छापलं : ये.

सर मटकन खाली बसले. चाळिशी उलटलेला माणूस, लहान मुलासारखा रडला. "बोलली," म्हणाले. "बोलली गं. मला बोलावतेय."

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी आईंच्या हाताकडे बघत होते. कारण ती खूण मी जन्मापासून बघत आले होते.

माझे बाबा गिरणीत साचे चालवायचे. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. एका खात्यात शेकडो साचे, आणि त्यांचा आवाज इतका की शेजारच्याचं तोंड हललेलं दिसतं, शब्द नाही. म्हणून गिरणीत माणसं हातांनी बोलायची. धागा तुटला, मुकादम आला, चहाला चल, सगळं हातांनी. बाबांचे कान त्या आवाजानं गेले ते गेलेच. घरीही अर्धं बोलणं खुणांचं. तरी खात्री करायला मी त्या संध्याकाळी बाबांसमोर बसले आणि डाव्या हातानं तसंच करून दाखवलं. बोटं मिटताना अंगठा आत, तळव्यात दाबलेला. आईंनी केला होता तसा.

बाबा ओरडूनच बोलायचे. "काय गो? खयचा मशीन बंद करू?"

"म्हणजे ह्याचा अर्थ तोच ना?"

"मगे काय! हँडल आपल्याकडे ओढलां की साचो बंद. मशीन बंद कर. पण तू डाव्या हातान कित्याक करतस?"

"एक बाई करते तसं."

"बाई? मगे ती वाइंडिंग खात्यातली, सूत गुंडाळणारी. त्या बायांचो उजवो हात सुतावर असायचो. खयच्या गिरणीत होती ती?"

सर नेहमी सांगायचे, आई कायम घरातच असायची, कधी बाहेर पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगायला हवं होतं. मी स्वतःला सडेतोड म्हणवते. चाळीच्या मालकाला तोंडावर बोलले आहे, प्राचार्यांना बोलले आहे. पण सर सकाळी आले ते दाढी करून, नवा शर्ट घालून. म्हणाले, "हे आपण लिहून काढू. इंग्रजीत. परिषदेत वाचू. वर दोन नावं असतील, माझं आणि तुझं."

माझं नाव. छापलेलं. इंग्रजीत, खाली बी.एस्सी. असं लिहून. मी मनातल्या मनात तो कागद बाबांना दाखवलाही. मग म्हटलं, थोडं थांबू. म्हातारी माणसं करतात काहीतरी हातवारे. बाबांचं चुकलं असेल. मी असं बरंच काही म्हटलं स्वतःला.

सात महिने ते चाललं. दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी. सर सगळं व्हिडिओ टेपवर घेत होते. बोरिवलीला माझ्या आठवड्याला दोन खेपा व्हायच्या, आणि प्रत्येक वेळी तेच. दिवे बंद असले की आईंचा हात चादरीवर निपचित. दिवे लागले, घरघर सुरू झाली, की हात उठायचा.

"बघ," सर मला दाखवायचे, "यंत्र चालू झालं की ती बोलायला लागते. तोवर गप्प. तिला कळलंय, हेच आपलं ऐकतंय."

कागदावर येत राहायचं : ये. ये. ये. सर लगेच पुढे व्हायचे. पण आईंकडे नाही, कॅमेऱ्याकडे. भिंग पुसायचे, दिवा आणखी जवळ ओढायचे. आईंचा हात मग जास्त जोरात चालायचा.

मावशींना ते यंत्र पटलेलं नव्हतं. सर खोलीबाहेर गेले की त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायच्या. "या डोल्याला पापनी नाय, पोरी," मला म्हणाल्या. "पापनी नसलेला डोला बरा नाय. आजीला झोप लागत नाय त्याच्यानं."

"सरांना सांगा ना."

"मी काय सांगनार? मी अंगठा लावनारी. तू शिकलेली हायेस. तू सांग."

मी नाही सांगितलं.

आई एका दुपारी गेल्या, यंत्रासमोरच. शेवटच्या टेपमध्ये हात पुढे होतो, मिटतो, आणि ओढला जात नाही. यंत्रानं त्याचाही शब्द छापला. तो तक्त्यातला सातवा होता : जा.

तेरावा झाला आणि दोन दिवसांनी गाळ्यात मावशींचा फोन आला. "पोरी, तू ये. साहेब गोल्या खात नाय." सरांना हृदयाचा त्रास होता, गोळ्या रोज लागायच्या. "आठ दिस झालं. इचारलं तर बोलतात, आई बोलवते, आता गोल्या कशाला."

मी गेले. भर दुपार होती पण खोलीच्या खिडक्या तशाच बंद. पलंगामागे काळं कापड तसंच. टीव्हीवर टेप चालली होती आणि टीव्हीची वायर कॉम्प्युटरला जोडली होती. काळ्या काचेत तो पांढरा हात तेवढा दिसत होता, मनगटापासून पुढे. पुढे व्हायचा, मिटायचा, ओढला जायचा. प्रिंटर छापत होता : ये. जमिनीवर कागदाचा घोट्यापर्यंत ढीग. सर आईंच्या पलंगावर बसले होते. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, केस विंचरलेले. गावाला निघालेल्या माणसासारखे. ओठ काळपट पडले होते.

"बरं झालं आलीस. गाळ्याची किल्ली तुझ्याकडेच ठेव."

"सर, ही टेप आहे."

"मला माहीत आहे टेप आहे. मी वेडा नाही." ते शांतपणे बोलत होते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "पण ती बोलावत होती हे तर खरं ना? सात महिने ‘ये’ म्हणत होती. दोन हातांवर मी उभा. आणि मी काय करत होतो? भिंग पुसत होतो. आता जायला हवं."

प्रिंटर करकरला. ये.

मी म्हटलं, "सर, त्या तुम्हाला बोलवत नव्हत्या."

"यंत्रानं—"

"यंत्राला मी शिकवलंय. तक्ता मी टाइप केलाय. तक्त्यात ती खूणच नाही." मी टीव्हीसमोर उभी राहिले आणि हात पुढे केला. "हे ‘ये’. अंगठा बाहेर, बोटांवर टेकलेला. आणि हे बघा. अंगठा आत. बाहेरून कड सारखीच दिसते, म्हणून यंत्राला फरक कळला नाही. ही गिरणीतली खूण आहे सर. माझे बाबा करतात. आई वाइंडिंग खात्यात होत्या ना?"

सर उठले, टीव्हीपाशी गेले, चित्र थांबवलं. काचेला नाक लागेल इतके वाकले. त्या थरथरत्या चित्रात मोज्याच्या मिटलेल्या बोटांखाली अंगठ्याचा उंचवटा दिसत होता. बघितलं तर दिसत होता.

"अर्थ काय त्याचा?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"मशीन बंद कर."

पडद्यावर तो हात तसाच थांबलेला होता. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मला पाचव्या वर्षी पुण्याला मामाकडे ठेवलं," सर म्हणाले. "ती गिरणीत जायची हे मला कधी कोणी सांगितलं नाही. सुट्टीत आलो की ती हात पदराखाली घेऊन बसायची. मी काही दाखवायला हात केले तर फटका मारायची. चांगल्या घरची माणसं हातवारे करत नाहीत, म्हणायची. मला वाटायचं, तिच्या हातात काहीतरी आहे आणि ती ते माझ्यापासून लपवतेय." मग थांबून म्हणाले, "जगाचे हात बघितले मी. हिचा तेवढा पडद्यावर बघितला."

मी पायाखालचा कागद बाजूला सारला.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. बाबांना काल विचारलं, असं म्हणता आलं असतं.

"पहिल्या दिवशी," मी म्हटलं.

त्यांनी वळून माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते मागे नेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तक्ता उघड."

मी खुर्चीत बसले आणि तक्ता उघडला.

"‘ये’ खोड. तिथे ते लिही."

मी ‘ये’ खोडलं आणि ‘बंद कर’ टाइप केलं. सरांनी कपाटातून टेप काढल्या, तारखा बघून लावल्या आणि पहिल्या दिवसाची टेप घातली. तिच्यात मागे माझाही आवाज आहे, दिवे लावल्याचा, आणि सरांच्या रडण्याचा. हात चादरीवरून उठला. मिनिटभरानं प्रिंटरनं छापलं : बंद कर.

मावशींनी पाणी आणि गोळी पुढे केली. सरांनी पडद्यावरची नजर न काढता गोळी तोंडात टाकली आणि गिळली. मग पलंगाच्या कडेवर नीट बसले, शाळेतलं पोर ऐकायला बसतं तसे.

मी निघाले. त्यांनी ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. परिषदेचा तो निबंध कधी कुठे गेला नाही, आणि मी पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरी धरली. गाळ्याची किल्ली द्यायला गेले तेव्हा सर झोपलेले होते. मावशी खाली जिन्यापाशी भेटल्या. गोळ्या वेळेवर घेतात म्हणाल्या, जेवतातही.

"आणि टेप?"

"सगल्या बघल्या. रोज दिवसभर बसून. बंद कर, बंद कर, बंद कर, साहेब वाचतात. नुसता कागद येते." मावशींनी छातीवर क्रूस काढला. "एक पन मधी बंद नाय केली."